खोलण्यासाठी घेतलेली गाडी

आर्णी, दारव्हा, घाटंजी, महागाव, अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी बस स्थानकापासून थोडं पुढे गेलं की दुचाकीची गॅरेजं सुरू होतात. समोर दुरुस्तीला आलेल्या गाड्यांची रांग असते. मागच्या भिंतीला टेकून आणखी एक गाडी उभी असते, तिच्याकडे गिऱ्हाईक बघतही नाही. तिचं पुढचं चाक निघालेलं असतं, टाकी नसते, सीट केव्हाच कुणाच्या तरी गाडीवर गेलेली असते. इंजिनचं एका बाजूचं झाकण उघडं असतं आणि त्यावर तेलकट फडकं टाकलेलं असतं. ही गाडी कुणी दुरुस्तीला टाकलेली नाही. मिस्त्रीने ती पैसे मोजून घेतली आहे आणि ती रस्त्यावर आणायचा त्याचा अजिबात विचार नाही. विचारलं तर तो दोनच शब्दांत सांगतो, "खोलायला घेतली."

खोलायला घेतलेली ही गाडी दोन कामं करते. रांगेतल्या गाड्यांना सुटे भाग पुरवते आणि गॅरेजवर नवीन लागलेल्या पोराला हात साफ करायला मिळते. दुसऱ्या कामाचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण यवतमाळसारख्या जिल्ह्यात यंत्र आतून समजून घ्यायची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जवळची सोय हीच आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी गॅरेज असावं लागत नाही. गोठ्यातला एक कोपरा, एक जुनी स्प्लेंडर आणि धीर असला तरी चालतं.

स्प्लेंडरच का, हे समजायला आधी जिल्हा डोळ्यांसमोर आणावा लागेल. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख, सोळा तालुके. वणी एका टोकाला, उमरखेड दुसऱ्या टोकाला. दोन्ही यवतमाळ शहरापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. गाव ते फाटा, फाटा ते बाजार, बाजार ते तहसील कचेरी ही धाव बसच्या वेळापत्रकात बसत नाही. त्यामुळे मोटरसायकल इथे हौसेची वस्तू राहिलेली नाही. तिच्यावर युरियाची पोती येतात, फवारणीचा पंप येतो, दुधाच्या कॅन येतात, दवाखान्यात न्यायचं माणूसही येतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि चाकाच्या मधे असा बसतो की चाक फिरत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, रबराचा प्रत्येक भाग तडकतो आणि बारीक धूळ एअर फिल्टरमधून सिलिंडरपर्यंत पोचते. गाडी लवकर झिजते, पण लवकर टाकून देता येत नाही. कापूस विकून, दसरा-दिवाळीच्या सुमारास हप्त्यावर घेतलेली गाडी बापाकडून मुलाकडे जाते, मुलाकडून सालदाराकडे, आणि शेवटी गोठ्याच्या भिंतीशी.

इथल्या माणसाला यंत्र नवं नाही. कापसाच्या या पट्ट्यात सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस मोटरसायकलच्या कितीतरी आधी आले. त्या कारखान्यांनी फिटरांची एक पिढी घडवली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर धावणारी अरुंद मापाची शकुंतला रेल्वे वाफेच्या इंजिनावर चालायची. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं तिचं इंजिन १९९४ पर्यंत कामावर होतं. सत्तर वर्षं एखादं इंजिन चालतं ठेवायचं तर घासलेला भाग काढून दुसरा बसवणारे, मिळत नसेल तो घडवणारे हात जागेवर लागतात. मग विहिरींवर ऑइल इंजिनं आली. त्यानंतर राजदूत.

एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून घेतलेली होती. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारं, पॉइंट घासले की पुन्हा फटफटणारं. दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी तिच्यावर जीव लावला. जुन्या मिस्त्रींचा हात राजदूतवर बसला. म्हैसूरच्या येझदीचं तंत्र त्यांना ठाऊक होतं, एकच दांडा किकचाही आणि गिअरचाही हे ते नव्या पोराला कौतुकाने दाखवत. पण टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात, कॅम नसतो, टायमिंग चेन नसते. आज खोलून शिकायचं असेल तर फोर-स्ट्रोक इंजिन हवं, आणि फोर-स्ट्रोकमध्ये या जिल्ह्यात एकाच घराण्याचं राज्य आहे.

ते घराणं १९८५ साली सुरू झालं. हिरो आणि होंडा यांच्या भागीदारीतून हरियाणातल्या धारूहेड्याच्या कारखान्यात सीडी-१०० तयार झाली. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर, म्हणजे ९७.२ सीसी. सिलिंडर जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाकडे तोंड करून. ही आडवी ठेवण जपानच्या होंडाने १९५८ साली आपल्या सुपर कबमध्ये आणली होती. त्या मालिकेच्या दहा कोटी गाड्या २०१७ पर्यंत तयार झाल्या. सीडी-१०० मागोमाग १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, २००१ मध्ये पॅशन, पुढे सीडी डॉन, सीडी डिलक्स. टाकीचा आकार बदलला, दिवा बदलला, रंगाचे पट्टे बदलले. इंजिनचा सांगाडा तोच राहिला. हिरो आणि होंडा यांनी डिसेंबर २०१० मध्ये वेगळं व्हायचं ठरवलं, त्यानंतरही तोच राहिला.

या सारखेपणावर शहरी गाडीप्रेमी नाक मुरडतात. नवीन काही नाही म्हणतात. दुर्गम तालुक्यातल्या माणसाला मात्र याच सारखेपणाने तारलं आहे. झरी-जामणीच्या गाडीचा क्लच हब तुटला तर राळेगावच्या भंगारात पडलेल्या वेगळ्या नावाच्या, वेगळ्या वर्षाच्या गाडीतून तो निघू शकतो. सुट्या भागांच्या पाकिटावरचा क्रमांक वाचायची सवय लागली की हे कोडं आणखी सुटतं. होंडाच्या पद्धतीत क्रमांकाचे तीन तुकडे असतात. पहिले पाच आकडे भाग कुठला ते सांगतात: १३१०१ म्हणजे पिस्टन, १४४०१ म्हणजे टायमिंग चेन. मधला तुकडा तो भाग मुळात कुठल्या मॉडेलसाठी आखला ते सांगतो. दोन वेगळ्या गाड्यांच्या भागांवर तिन्ही तुकडे जुळले, तर दुकानदार काहीही म्हणो, भाग एकच आहे. सगळंच जुळतं असं मात्र नाही. कार्बोरेटर, वायरिंग, सीडीआय, चेनचे दात यांत मॉडेलगणिक फरक पडतो. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट, गिअर, बेअरिंग यांत बराचसा मेळ बसतो, आणि महाग कामं याच भागांत निघतात.

आता खरेदी. न चालणाऱ्या गाडीला तीन भाव असतात. पहिला वजनाचा, म्हणजे कबाडी काट्यावर टाकून जो देईल तो. शंभर-सव्वाशे किलोच्या गाडीत लोखंड किती आणि ॲल्युमिनियम किती एवढंच त्याला बघायचं असतं. दुसरा चालू गाडीचा भाव, जो मालकाच्या मनात असतो, कारण घेतानाची किंमत तो विसरलेला नसतो. तिसरा सुट्या भागांचा, आणि तो आपण स्वतः काढायचा असतो. आपल्या चालत्या गाडीला येत्या दोन-चार वर्षांत काय काय लागेल ते लिहावं, त्यातलं या गाडीत चांगलं काय आहे ते बघावं, त्या भागांची दुकानातली किंमत मांडावी आणि तिच्या निम्म्याच्या वर जाऊ नये. निम्मं अशासाठी की आतलं निम्मं खराब निघतंच.

बघताना किकपासून सुरुवात करावी. किक दाबली आणि पायाला काहीच अडलं नाही, नुसती खाली गेली, तर कॉम्प्रेशन गेलेलं आहे. अडून हळूहळू खाली गेली तर आत जीव आहे. हललीच नाही तर इंजिन जाम आहे. शिकण्यासाठी तिन्ही चालतात, किंमत मात्र तिन्हींची वेगळी. गाडी कशीबशी सुरू होत असेल तर धूर बघावा. "गाडी काऊन धूर मारते?" हा प्रश्न घेऊनच निम्मी गिऱ्हाइकं गॅरेजवर येतात. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे काम कार्बोरेटर आणि एअर फिल्टरपाशी मिटू शकतं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. उभ्या गाडीला सकाळी किक मारल्यावर थोडा वेळ निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यावा. ॲक्सिलरेटर दिला की वाढत असेल तर रिंगा आणि बोअरवर. प्लग काढून त्याच्या भोकातून चमचाभर तेल सोडावं आणि पुन्हा किक मारून बघावी. पायाला जोर लागायला लागला तर दोष रिंगांचा, काही फरक पडला नाही तर व्हॉल्व्हचा. असं निदान एकदा स्वतःच्या पायाने केलं की माणूस कुठल्याही इंजिनासमोर गोंधळत नाही.

पुरात बुडालेली गाडी घेऊ नये. पैनगंगा आणि पूस नद्यांच्या काठाला हा धोका दरसाल असतो, आणि जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यात आणि यवतमाळ शहरातही घराघरांत पाणी शिरलं होतं. गढूळ पाणी क्रँककेसमध्ये शिरून महिनोन्‌महिने राहिलं की बेअरिंग, गिअर, क्रँक सगळ्यांवर खड्डे पडतात आणि बाहेरून रंगरंगोटी केलेल्या गाडीत वापरण्याजोगं काहीच उरत नाही. ऑइलचा नट सैल करून पहिले चार थेंब हातावर घ्यावेत. दुधट, चहासारखं ऑइल दिसलं की नमस्कार करून निघावं.

या सगळ्याहून महत्त्वाची तपासणी कागदांची, आणि नेमकी तीच लोक सोडून देतात. गाडी चालवायचीच नाही, खोलायची आहे, मग आरसी कशाला, असा सगळ्यांचा समज असतो. हा समज महागात पडतो. चोरीची गाडी सुटी करून विकणं हा जुना धंदा आहे, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं किंवा बाळगणं हाही गुन्हाच. हँडलच्या नळीवर ठोकलेला चेसी नंबर आणि क्रँककेसवरचा इंजिन नंबर आरसीशी अक्षर न्‌ अक्षर ताडून बघावा. नंबरावर घासल्याच्या खुणा असतील तर गाडी फुकटही घेऊ नये. गाडीवर फायनान्सचा बोजा अजून चढलेला आहे का, हे आरसीवर आणि परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर दिसतं. हप्ते फिटले तरी बोजा उतरवून न घेणारे पुष्कळ असतात.

पुढचा टप्पा कायद्याचा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० प्रमाणे मालकी बदलली की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी कायमची निकामी झाली असेल तर कलम ५५ लागू होतं: मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायची आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. खोलायच्या गाडीसाठी हाच सरळ रस्ता आहे, आणि जुन्या मालकाने तो स्वतः पुरा करून द्यावा, हे सौदा ठरतानाच बोलून घ्यावं. त्याच्याही ते फायद्याचं आहे, कारण नोंदणी जिवंत असेपर्यंत त्या क्रमांकाचं प्रत्येक चलन आणि त्या गाडीवर घडलेली प्रत्येक भानगड त्याच्याच दारात येते. सप्टेंबर २०२१ पासून देशात मान्यताप्राप्त वाहनमोड केंद्रांचे नियमही आले आहेत, पण अशा केंद्रात गेलेली गाडी तिथेच मोडली जाते. शिकण्यासाठी ठेवायची असेल तर आधी यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात विचारून, रद्द केल्याचा कागद हातात घेऊनच पाना उचलावा.

आणखी एक बारकावा. आपल्या चालत्या गाडीचा क्रँककेस फुटला म्हणून खोललेल्या गाडीचा अख्खा क्रँककेस तिच्यावर चढवला, तर इंजिन नंबर बदलतो. एकच पाकळी बदलावी म्हटलं तरी उपयोग नाही, कारण क्रँककेसच्या दोन पाकळ्या कारखान्यात जोडीने तासलेल्या असतात. इंजिन बदलण्यासाठी कलम ५२ खाली परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. म्हणून आतलं सगळं खुशाल घ्यावं; नंबर असलेल्या कवचाला मात्र कागदाशिवाय हात लावू नये.

एवढं झालं की खरं काम सुरू होतं. आधी गाडी रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने धुऊन घ्यावी, ऑइल गाळून पांढऱ्या कागदावर सांडून बघावं, त्यातून चुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटलेला कीस म्हणजे गिअर किंवा बेअरिंग झिजलंय, न चिकटणारी चमक म्हणजे पिस्टन किंवा क्लचचं ॲल्युमिनियम. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढावा आणि प्रत्येक झाकणाचे स्क्रू वेगळ्या डब्यात ठेवावेत, कारण एकाच झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात घातला की ॲल्युमिनियमचा आटा गेलाच. या स्क्रूंच्या डोक्यावरची चौफुली जपानी मापाची असते. बाजारातला साधा पेचकस तिच्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. मग छिन्नी येते, हातोडा येतो, आणि झाकणाला कायमची जखम होते. ठोकून फिरणारा इम्पॅक्ट पेचकस आणि मॅग्नेट काढायचा पुलर ही दोन हत्यारं पहिल्या दिवशी घ्यावीत. मॅग्नेटवर हातोडा मारून गाडी खोलणाऱ्याकडून काही शिकू नये.

उजव्या बाजूचं झाकण उघडलं की क्लच दिसतो. चार स्प्रिंगा, प्रेशर प्लेट आणि आत एकाआड एक बसलेल्या लोखंडी आणि घर्षणाच्या प्लेटी, सगळ्या ऑइलमध्ये बुडालेल्या. लिव्हर दाबल्यावर या प्लेटी केसभरच सुटतात, आणि त्या केसभर फटीवर आपलं गिअर टाकणं अवलंबून असतं. क्लचशेजारी क्रँकच्या टोकाला एक वाटीसारखा भाग आहे. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही. खाली एक जाळी आहे, आणि ही वाटी क्रँकबरोबर गरगरते तेव्हा ऑइलमधली जड घाण बाहेर फेकली जाऊन तिच्या कडेला बसते. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीत इथे काळ्या मेणासारखा थर निघतो. तो बोटाने खरवडून काढणाऱ्या पोराला ऑइल वेळेवर बदला हे पुन्हा सांगावं लागत नाही.

डाव्या बाजूला मॅग्नेट आणि त्यामागून वर जाणारी टायमिंग चेन. फोर-स्ट्रोक इंजिनाचं सगळं मर्म या चेनमध्ये आहे. क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅम एकच फेरा घेतो, म्हणून कॅमच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या दुप्पट दात. मॅग्नेटवरची 'टी'ची खूण कवचावरच्या खुणेसमोर आणायची, कॅमच्या चक्रावरचा गोल हेडवरच्या खाचेसमोर आणायचा, मग चेन चढवायची. एका दाताने चुकलं तरी व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात आणि गाडी ताकद धरत नाही. मोडीत निघालेल्या गाडीवर ही चूक हवी तितक्या वेळा करता येते, पुन्हा चेन उतरवता येते, हाताने मॅग्नेट फिरवून व्हॉल्व्ह कधी दबतो आणि पिस्टन तेव्हा कुठे असतो हे डोळ्यांनी बघता येतं. गिऱ्हाइकाच्या गाडीवर ती मुभा नसते. खेचणं, दाबणं, जळणं, बाहेर टाकणं, हे चार टप्पे शाळेच्या पुस्तकात बाणांसह छापलेले असतात; उघड्या इंजिनावर चार-पाच वेळा हात फिरला की बाणांची गरज उरत नाही.

हेड आणि ब्लॉक निघाला की बोअरमध्ये नखाने कड लागते का बघावं. पिस्टनची वरची रिंग जिथे थांबते तिथे घासलेल्या बोअरला पायरी पडते. ती पायरी म्हणजे बांधावरच्या धुळीची नोंद. असा ब्लॉक लेथवाल्याकडून रिबोर होतो आणि पाव मिलिमीटरच्या पायरीने मोठे पिस्टन त्यात बसतात. शेवटी क्रँककेसच्या पाकळ्या उघडल्या की गिअरबॉक्स: दोन शाफ्ट, चार जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या, आणि खाचा कोरलेला एक दंडगोल, जो पायाच्या एका दाबाने फिरतो आणि काट्यांना इकडून तिकडे सरकवतो. ही यंत्रणा पहिल्यांदा बघताना मोठी माणसंही गप्प होतात.

वापरायचं काय आणि टाकायचं काय, यात लोभ आवरावा. गिअर, शाफ्ट, क्लच हब, मॅग्नेट, कार्बोरेटरची बॉडी, हब, पुढचे शॉकअप, चिमटा हे भाग स्वच्छ करून, तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावेत. रिंगा, पॅकिंग, ऑइल सील, टायमिंग चेन, ब्रेक लायनर हे जुने कितीही चांगले दिसले तरी दुसऱ्या गाडीवर चढवू नयेत. ब्रेकचा भाग कुणाच्या जिवाशी खेळायला नसतो. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडून तोंडाने किंवा हवेने फुंकायची सवय मोडावी आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. पेट्रोलमध्ये हात बुडवून भाग धुण्याची सवयही तशीच वाईट. सर्कलिप काढताना डोळ्यांवर चष्मा हवा.

हाताने शिकण्याची गोष्ट या मातीला परकी नाही. शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि उद्योगातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, तिथून देशापुढे आली. तेव्हा समोर चरखा होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळेत न रमणाऱ्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, यंत्रदुरुस्ती करत करत विज्ञान शिकवलं. जुन्या जीपचे भाग वापरून बनवलेला 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर हे तिथलंच काम. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जुळवून किक मारून सुरू होणारी चारचाकी केली, ती डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली आणि आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. पाबळ आणि देवराष्ट्रे या दोन्ही ठिकाणी जुनं यंत्र उघडायला मिळालं, म्हणून नवं सुचलं.

याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगताना मात्र जीव जड होतो. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगचं काम करणारा चोवीस वर्षांचा तरुण स्वतः हेलिकॉप्टर बांधत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये रात्रीच्या चाचणीत मागच्या पंख्याचं पातं तुटलं, मुख्य पंखा त्याच्या डोक्याला लागला आणि तो गेला. त्याच्या हातात कसब होतं आणि डोक्यात जिद्द होती. त्याच्या शेजारी उभं राहून, फिरणाऱ्या पात्यावर किती ताण येतो आणि चाचणीच्या वेळी माणसाने कुठे उभं राहायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. अशी पोरं जिल्ह्यात आजही आहेत, आणि त्यांना अडवून काही होणार नाही. त्यांना जाणत्या माणसाच्या नजरेखाली आधी साधं इंजिन उघडायला मिळालं पाहिजे.

ही सोय फार वर्षं राहणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि स्प्लेंडरचा कार्बोरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आलं. नव्या गाडीचा पिस्टन आणि गिअर अजून हाताने कळतात, पण तिचं इंधन आणि ठिणगी यांचा कारभार एका बंद डबीत गेला आहे आणि ती डबी स्कॅनरशिवाय बोलत नाही. दुसरीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे, ज्याने जुन्या कार्बोरेटरचे रबरी भाग आणि नळ्या लवकर खराब होऊ शकतात. पंधरा वर्षं झालेल्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्याचं शुल्कही वाढलं आहे. त्यामुळे १९९४ ते २०२० मधल्या कार्बोरेटरच्या गाड्या येत्या काही वर्षांत झपाट्याने काट्यावर जातील. जी गाडी नुसत्या डोळ्यांनी आणि दहा नंबरच्या पान्याने पूर्ण समजते, अशी ती शेवटची पिढी.

म्हणून मागणं एवढंच. जिल्ह्यातल्या प्रत्येक आयटीआयने, आणि जमेल त्या प्रत्येक माध्यमिक शाळेने, नोंदणी रद्द केलेली एक जुनी स्प्लेंडर आणावी, टेबलावर मांडावी आणि मुलांइतकंच मुलींच्याही हातात पाना द्यावा. गावातल्या मिस्त्रीला आठवड्यातून एक दिवस मानधन देऊन शिकवायला बोलवावं. त्याच्याइतकं हे इंजिन दुसऱ्या कुणाला कळत नाही. आणि वाचकहो, तुमच्या गोठ्यात, मागच्या अंगणात अशी एखादी गाडी पडून असेल, तर कबाड्याला हाक मारण्याआधी आरटीओत जाऊन तिची नोंदणी रद्द करून घ्या आणि जवळच्या शाळेला किंवा शिकू पाहणाऱ्या एखाद्या पोराला ती देऊन टाका.